जबडा दुखतोय? आधी दात सुटे ठेवा

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या दंतवैद्यांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जबडा आणि कानशील दुखतं म्हणून आलेल्या २५ जणांना त्यांनी सांगितलं, की तुमचे वरखालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, थोडे घासून बसवून देऊ. मग खुर्चीत बसवून घासण्याचा नुसता देखावा केला. दातांची बसण्याची ठेवण होती तशीच राहिली. अशा दोन बैठका झाल्या आणि २५ पैकी १६ जण म्हणाले, की दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं.

त्यांचं दुखणं खरं होतं, आणि ते खरंच कमी झालं. डळमळीत झालं ते सगळं खापर दातांच्या ठेवणीवर फोडणारं स्पष्टीकरण. त्याची सुरुवात १९३४ मध्ये झाली होती. सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी ११ रुग्णांच्या आधारे मांडलं, की दाढा गेल्या की जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो, त्याचं कानाजवळचं टोक मागे सरकतं आणि नसा दाबतं. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा ते टोक त्या नसांना तसं दाबूच शकत नाही असं दिसलं. तरी पुढची कित्येक दशकं जबडा दुखतो म्हणून चांगले दात घासले गेले, त्यांवर कॅप बसल्या. घासलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही, आणि याच एका गोष्टीसाठी मला हा लेख लिहावासा वाटला.

कानाच्या भोकापुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी फिरतं आणि मग पुढे सरकतं. खालच्या जबड्याचं टोक कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोहोंच्या मध्ये एक चिवट चकती असते. पहिले २०-२५ मिलिमीटर तोंड बिजागरीच्या दारासारखं उघडतं. त्यापुढे तेच टोक चकतीसकट खोबणीतून पुढे घसरतं, रुळावरच्या दारासारखं. शरीरात फार थोडे सांधे अशी दोन्ही कामं करतात. शिवाय डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाच्या दोन टोकांना आहेत, त्यामुळे एकाने अंग चोरलं की दुसऱ्यावर भार येतो.

चकती जरा पुढे सटकली असेल, तर तोंड उघडताना टोक तिच्यावर परत चढतं आणि ‘टक्’ असा आवाज होतो. त्या आवाजाला लोक फार घाबरतात. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्याला काहीही करायची गरज नसते. चकती पुढेच अडकून राहिली आणि तोंड अर्ध्यावरच थांबायला लागलं, तर मात्र दाखवायला हवं.

तरीही बहुतेकांचं दुखणं सांध्यापेक्षा स्नायूंचं असतं. गालातला जाड स्नायू आणि कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला दुसरा, हे दोघे जबडा आवळतात. ते थकले की वेदना कानात, डोक्यात, दाढेत जाणवते. म्हणून माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो, मग डोकेदुखीच्या गोळ्या घेतो, आणि कधी कधी निरोगी दाढही काढून घेतो.

जेवण आणि गिळणं धरून दिवसाच्या २४ तासांत दात एकमेकांना टेकण्याची वेळ येते साधारण १५-२० मिनिटं. एरवी त्यांच्यात दोन-चार मिलिमीटरची फट हवी. आपल्याकडे संतापलेला माणूस ‘दातओठ खातो’. ताणाचा आणि जबड्याचा संबंध भाषेला आधीच ठाऊक होता. मोबाइलमध्ये डोकं घालून बसताना, रहदारीत दुचाकी चालवताना, हिशेब करताना दात नकळत आवळले जातात, आणि तासन्‌तास तसेच राहतात.

यावरचा पहिला उपचार फुकट आहे. ‘म्‌’ हा उच्चार लांबवून म्हणा. ओठ मिटलेले, दात सुटे, जबडा सैल, हीच जबड्याची विश्रांतीची जागा. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे, टाळूला हलकं टेकलेलं ठेवा. मी रुग्णांना फोनच्या पाठीवर, फ्रिजवर, गाडीच्या आरशाशी एक छोटा ठिपका चिकटवायला सांगते. ठिपका दिसला की जबडा तपासायचा. आठ-पंधरा दिवसांत बरेच जण येऊन म्हणतात, ‘डॉक्टर, मी दिवसभर दात दाबतच असतो हो!’

जोडीला ओल्या गरम फडक्याचा शेक द्यायचा. काही आठवडे मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी खायची, आणि ऊस, चिक्की, कणीस, च्युइंगम यांना सुट्टी द्यायची. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. जीभ टाळूला लावून तोंड हळूहळू उघडायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून किंवा दंतवैद्याकडून समोर बसून शिकून घ्यावा. डिसेंबर २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने दीर्घकाळच्या जबडेदुखीसाठी मार्गदर्शक शिफारशी छापल्या. त्यांत ठाम शिफारस याच गोष्टींची आहे: देखरेखीखालचे व्यायाम, हाताने स्नायू मोकळे करणं, नीट समजावणं आणि धीर देणं, विचार-वर्तन बदलायला मदत करणारं समुपदेशन.

आणि रात्री दातांवर घालायची ती ॲक्रिलिकची पट्टी, म्हणजे नाइट गार्ड? आम्ही दंतवैद्य ती सर्रास देतो, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. त्याच शिफारशींत दीर्घकाळच्या दुखण्यासाठी पट्टीच्या विरुद्ध सौम्य कौल आहे, कारण फायद्याचा पुरावा पुरेसा भक्कम नाही. झोपेत दात खाणाऱ्याचे दात झिजू नयेत म्हणून मी ती देते, दात खाणं त्याने थांबत नाही हे सांगून देते. पट्टी सगळ्या दातांवर सपाट बसणारी हवी आणि फक्त रात्री घालायची. जबडा पुढे ओढून धरणारी पट्टी दिवसरात्र वापरली, तर दाढा एकमेकींना टेकेनाशा होऊ शकतात, आणि मग बिघडलेली ठेवण सुधारायला दुसरे उपचार लागतात.

शस्त्रक्रियेची घाई किती महागात पडते तेही अमेरिकेत दिसलं. १९८० च्या दशकात ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीच्या टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकत्या अनेकांना बसवल्या गेल्या. चावण्याच्या दाबाने त्यांचे कण सुटले, त्या कणांवर शरीराने चढवलेल्या हल्ल्यात आजूबाजूचं हाडच झिजलं. लहानपणी हनुवटीवर पडून सांधा हाडाने जुळून गेला असेल, तर शस्त्रक्रिया लागते, त्याला पर्याय नाही. पण ती गोष्ट वेगळी.

सगळीच जबडेदुखी सांध्याची नसते. जिना चढताना जबडा दुखत असेल आणि खाली बसल्यावर दुखणं थांबत असेल, तर हृदय तपासा. अक्कलदाढेभोवती सूज आली, तरी तोंड आवळतं. आणि सुपारी, गुटखा, विदर्भातला खर्रा चघळणाऱ्याचं तोंड हळूहळू उघडेनासं होत असेल, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असेल, तर ते सांध्याचं दुखणं नव्हे. गालाच्या आतला थर आकसत जातो, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. स्वतःची तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील, तर खर्रा आज बंद करा आणि याच आठवड्यात दंतवैद्याला गालाची आतली बाजू दाखवा.