टच नीट चालत नाही? डिस्प्ले बदलण्याआधी हे करून पाहा

‘टच गेलाय, डिस्प्ले बदलून द्या’ म्हणत आलेल्या प्रत्येक फोनला नवा डिस्प्ले लागतोच असं नाही. पुष्कळदा टच ठणठणीत असतो, फोनच मंदावलेला असतो. बोटाला दोन्ही सारखंच वाटतं, म्हणून आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधा.

अँड्रॉइड फोन असेल तर घरीच कळतं. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यातलं ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा आणि शेत नांगरावं तसं पट्ट्यापट्ट्याने, सावकाश, सगळ्या स्क्रीनवर बोट फिरवा. बोटामागे रेघ उमटत जाते. ती दरवेळी एकाच पट्ट्यात तुटत असेल तर दोष बहुधा डिस्प्लेचा किंवा त्याच्या कनेक्टरचा. फोन आमच्याकडे आणा. रेघ अखंड आहे पण ॲप उशिरा उघडतं? मग टचला बोल लावू नका. फोन रीस्टार्ट करा, भरलेलं स्टोरेज रिकामं करा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर बंद करून पाहा. बऱ्याच फोनमध्ये त्याने स्क्रीनचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) १२० वरून ६० हर्ट्झवर येतो आणि स्क्रोल जड वाटतो.

चार्जिंगला लावल्यावरच रेघ थरथरत असेल, तर चार्जर बदलून बघा. काचेखाली पारदर्शक संवाहक थर असतो. बोट टेकलं की तिथली धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किंचित बदलते आणि तेवढा बदल फोन मोजतो. हलक्या प्रतीच्या चार्जरचा विद्युत गोंगाट या मोजणीत मिसळतो. पाण्याचा थेंबही तिला फसवतो, म्हणून ओल्या स्क्रीनवर आपोआप टच होतो. जोरात दाबून काही साधत नाही, कारण इथे दाब मोजलाच जात नाही. (जुन्या, काडीने चालणाऱ्या रेझिस्टिव्ह स्क्रीनची गोष्ट वेगळी. त्या दाबावरच चालतात आणि त्यांना अधूनमधून कॅलिब्रेशन लागतं.)

स्क्रीन गार्ड जाड असेल किंवा खाली हवा राहिली असेल, तर काढून पुन्हा तपासा. गार्ड ठेवायचाच असेल तर काही फोनमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ वाढवायची सोय असते. टच वेगवान करून देणाऱ्या ॲप्सच्या नादी मात्र लागू नका, उगाच जागा अडवतात.

डिस्प्ले कडेने उचलला गेला असेल तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. तो दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका. फोन बंद करून थेट घेऊन या.

दुरुस्तीआधी बॅकअप घ्या. अर्धा टच मेला असला तरी बहुतेक अँड्रॉइड फोनना ओटीजी ॲडॅप्टरने (फोनच्या चार्जिंग पोर्टला यूएसबी वस्तू जोडणारा छोटा जोड) साधा यूएसबी माउस जोडता येतो. स्क्रीनवर बाण दिसतो आणि फोटो, नंबर सगळं काढून घेता येतं.