नेटवर्क बूटसाठी सर्व्हरची दूरस्थ ओळख

रॅकमध्ये नुकत्याच बसवलेल्या, कोऱ्या डिस्कच्या सर्व्हरपाशी न जाता तो नेमका कोणता हे ठरवण्याच्या पद्धतींना मिळून हे नाव आहे. सर्व्हर नेटवर्कवरून बूट करून त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम आपोआप चढवायची, तर आधी त्याची ओळख पटावी लागते. दिसायला हुबेहूब अशा चाळीस यंत्रांपैकी डेटाबेस कोणत्यावर जाणार आणि वेबसर्व्हर कोणत्यावर, हे त्या ओळखीवर ठरते. ती चुकली तर चालत्या यंत्राची डिस्क पुसली जाते. या कामात याहून महागडी चूक नाही.

आजची रूढ पद्धत पीएक्सईवर, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून बूट करण्याच्या मानकावर, उभी आहे. बोलताना तिला सगळे ‘पिक्सी’ म्हणतात. इंटेलने तिची २.१ आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. यंत्र सुरू झाले की नेटवर्क कार्ड डीएचसीपीची, म्हणजे नेटवर्कवर पत्ता मागण्याच्या प्रोटोकॉलची, हाक देते. त्या हाकेतच यंत्राची पहिली माहिती येते. हाकेतल्या माहितीच्या रकान्यांना ‘पर्याय’ म्हणतात. पर्याय क्रमांक ९३ मध्ये प्रोसेसर आणि फर्मवेअरचा (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) प्रकार असतो: ० म्हणजे जुना बायोस, ७ म्हणजे ६४ बिटांचे यूईएफआय (बायोसनंतरचे नवे फर्मवेअर), ११ म्हणजे ६४ बिटांचे आर्म. चुकीच्या प्रकाराची बूट फाइल दिली तर यंत्र पुढे सरकतच नाही, म्हणून डीएचसीपी सर्व्हर आधी हा आकडा पाहतो. पण एवढ्यावरून यंत्राची फक्त जात कळते, नाव कळत नाही.

नाव सांगणारी सर्वांत जुनी खूण म्हणजे मॅक पत्ता, नेटवर्क कार्डाचा क्रमांक. १९८५ च्या बूटपी प्रोटोकॉलपासून हीच रीत आहे. पत्ता ४८ बिटांचा असतो आणि त्यातले पहिले २४ बिट उत्पादकाचे असतात. अडचण अशी की हा पत्ता कार्डाचा आहे, यंत्राचा नाही. चार पोर्टच्या सर्व्हरला चार पत्ते असतात आणि केबल दुसऱ्या पोर्टात गेली की नोंदवहीतला पत्ता जुळत नाही. कार्ड जळून बदलले तर जुनी ओळख त्याच्याबरोबर भंगारात जाते.

म्हणून यूयूआयडी, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, आला. मदरबोर्डच्या फर्मवेअरमधल्या एसएमबायोस या हार्डवेअरच्या माहितीच्या तक्त्यात हा १२८ बिटांचा आकडा असतो आणि डीएचसीपीच्या पर्याय ९७ मधून तो पाठवला जातो. पिक्सलिनक्स हा बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) सेटिंगची फाइल शोधताना पहिला मान यूयूआयडीच्या नावाच्या फाइललाच देतो. ती नसेल तर मॅक पत्त्याच्या नावाची फाइल शोधतो, मग सोळाच्या पायात लिहिलेल्या आयपी पत्त्याची. १०.१.२.२० या पत्त्यासाठी तो ०ए०१०२१४ मागतो, नाही मिळाली तर शेवटचा अंक गाळून पुन्हा मागतो, असे करत शेवटी ‘डिफॉल्ट’पर्यंत येतो.

यूयूआयडीतही एक खोच आहे, आणि ती नवख्याला हमखास अडवते. डेलच्या सर्व्हरचा आकडा ४४ ४५ ४सी ४सी या चार बाइटांनी सुरू होतो. आस्की संकेतात ही ‘डेल’चीच इंग्रजी अक्षरे. नेटवर्कवर ती याच क्रमाने जातात. पण एसएमबायोसच्या २.६ आवृत्तीपासून पहिले तीन भाग उलट्या बाइट क्रमाने वाचायचे असा नियम झाला, त्यामुळे लिनक्समध्ये डीएमआयडीकोड ही तो तक्ता वाचणारी आज्ञा चालवली की तेच यंत्र ४सी४सी४५४४ असे दिसते. यंत्र एक, नोंदी दोन. दोन्ही रूपे ताडून पाहणारी व्यवस्था नसेल तर ओळखीचे यंत्रही परके ठरते. काही स्वस्त मदरबोर्डांवर तर सरसकट एकच यूयूआयडी सापडतो: ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९. मूळ क्रमात वाचला तर तो दोनपासून नऊपर्यंतची नुसती मोजणी आहे. कारखान्यात भरायचा राहिलेला रकाना.

सिरीयल नंबराचे मोल वेगळे आहे. तो फर्मवेअरमध्ये असतो आणि सर्व्हरवरच्या स्टिकरवरही छापलेला असतो, म्हणजे माणूस आणि यंत्र दोघांना वाचता येणारी खूण हीच. मालाच्या नोंदणीचा पाया त्यावरच घालावा.

तो वाचायला सर्व्हर चालू असण्याचीही गरज नाही. मदरबोर्डवरचा बीएमसी हा छोटा स्वतंत्र संगणक स्टँडबाय विजेवर जागा असतो. डेलचा आयड्रॅक आणि एचपीईचा आयएलओ ही त्याचीच रूपे. १९९८ पासून त्याच्याशी आयपीएमआय या मानकाने बोलता येते, आणि २०१५ पासून रेडफिश या एचटीटीपीवर चालणाऱ्या मानकाने. रेडफिशमध्ये सिरीयल नंबर, यूयूआयडी आणि सहसा कार्डांचे मॅक पत्ते एकाच जागी मिळतात. ‘पुढचे बूट फक्त एकदा पीएक्सईने’ असा हुकूम देऊन यंत्र तिथूनच सुरू करता येते.

कधी यंत्रापेक्षा त्याची जागा महत्त्वाची असते. डीएचसीपीच्या पर्याय ८२ मध्ये स्विच स्वतःहून पोर्टची माहिती जोडू शकतो. मग त्या पोर्टाला जो जोडला असेल त्याला ठरलेले काम मिळते. यंत्र बदलले तरी काम तेच राहते.

अनोळखी यंत्राला मास, फोरमन किंवा ओपनस्टॅकच्या आयर्निकसारख्या प्रणाली मेमरीतच चालणारे छोटे लिनक्स देऊ शकतात. ते डिस्क, मेमरी, सिरीयल नंबर आणि एलएलडीपी या शेजारचे उपकरण कळवणाऱ्या प्रोटोकॉलने कळलेला स्विचचा पोर्ट मोजून परत कळवते आणि नोंद होईपर्यंत थांबते. ‘डिफॉल्ट’ फाइलमध्ये थेट इन्स्टॉल ठेवणे मात्र धोक्याचे. मदरबोर्ड बदलला की यूयूआयडी आणि मॅक पत्ते दोन्ही बदलू शकतात आणि सिरीयल नंबराचा रकाना तंत्रज्ञाने भरेपर्यंत रिकामा राहू शकतो. भरल्या डिस्कांचे ते जुने यंत्र मग पाहुण्यासारखे दारात येते, आणि इन्स्टॉलर त्याच डिस्का पुसायला घेतो.

स्विचने जोडलेली पोर्टची माहिती सोडली, तर या साऱ्या खुणा यंत्र स्वतःच सांगते आणि मॅक पत्ता तर कुणालाही खोटा लावता येतो. म्हणून बूटचे जाळे वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचांवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कमध्ये, ठेवतात. पासवर्ड किंवा गुप्त किल्ली हाती देण्यापूर्वी पक्की खात्री हवी असेल, तर टीपीएम या सुरक्षेच्या चिपमधली, बाहेर न काढता येणारी किल्ली पडताळतात.