चित्रावरची चुन्याची साय

सुट्ट्या लागल्या की इंदूरहून भोपाळजवळच्या भीमबेटकाला, तिथली दगडांवरची प्राचीन चित्रं पाहायला, गाड्या निघतात, आणि मागोमाग फोनवर तेच रील फिरू लागतं: "एक लाख वर्षांपूर्वीची चित्रं!" कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर परवा ते पुन्हा आलं. त्याखाली एका काकांनी विचारलं, "इंडोनेशियातल्या चित्राला ५१,२०० वर्षं असा नेमका आकडा मिळतो, मग आपल्या भीमबेटकालाच अंदाजपंचे का?" रीलपेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला आहे. त्याचं उत्तर दगडात आहे.

गुंफा म्हटलं की आपण सगळ्यांना एकाच माळेत ओवतो. धार जिल्ह्यातल्या बाघच्या गुंफा माणसांनी छिन्नीने कोरल्या. भीमबेटकाच्या कोणी कोरल्या नाहीत, पण त्याही पोटात शिरणाऱ्या गुंफा नव्हेत. बहुतेक ठिकाणी ते पुढे आलेल्या कड्याखालचे आडोसे आहेत. तो विंध्य डोंगररांगेतला वालुकाश्म, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचे कण. पावसाचं पाणी क्वार्ट्झला जवळजवळ विरघळवू शकत नाही. ते कणांमधला सांधा सैल करतं, भेगांवरून ठोकळे निखळतात आणि खाली पोकळी राहते. चुनखडीत मात्र अख्खा दगडच पाण्यात विरघळून वाहून जातो. आंध्रातली बोर्रा गुंफा अशी तयार झाली.

पावसाचा थेंब मुळात बिचारा सौम्य. हवेतला कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्का, तेवढ्याने त्याला फारशी धार येत नाही. धार येते मातीत. मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास सोडतात, त्यामुळे मातीच्या कणांमधल्या हवेत हा वायू एक टक्का किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. तो पाण्यात मुरला की कार्बनिक आम्ल होतं. ते चुनखडीला भिडलं की न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं. म्हणजे गुंफा खोदायला पाणी लागतं तसं वर रानही लागतं.

आता माझ्या आवडीची अडचण. असं आम्लधर्मी पाणी भेगेत शिरलं की पहिल्या काही मीटरांतच चुन्याने तृप्त व्हायला हवं. पोट भरलेलं पाणी पुढचा दगड कशाला खाईल? मग डोंगराच्या आत, खोलवर, दालनं कशी होतात? याची दोन उत्तरं एकत्र घ्यावी लागतात. पहिलं असं की तृप्ती जवळ आली की विरघळण्याचा वेग एकदम कोसळतो. शेवटची थोडीशी भूक भागायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात पाणी अरुंद भेगांतून बरंच आत पोचतं. दुसरं उत्तर आल्फ्रेड बोगली या स्विस संशोधकाने १९६०च्या दशकात मांडलं. वेगवेगळ्या भेगांतून आलेले दोन प्रवाह घ्या, दोन्ही तृप्त, पण एकात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि दुसऱ्यात कमी. ते मिसळले की मिश्रण पुन्हा भुकेलं होतं! कारण वायूचं प्रमाण आणि पाणी पेलू शकतं तो चुना यांचं नातं सरळ रेषेचं नाही, वाकलेल्या रेषेचं आहे. आडव्या अक्षावर वायू आणि उभ्या अक्षावर चुना घेतला, आणि या वक्रावरचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले तर मधली रेषा वक्राच्या खाली पडते, आणि या आलेखात खाली म्हणजे अतृप्त. आलेख काढल्याशिवाय हे पटणार नाही, कागद घेऊन काढाच. भेगा जिथे भेटतात तिथे गुंफा रुंदावते, त्यामागे हेही एक कारण आहे.

पुढे पाण्याची पातळी खाली जाते, दालनात हवा शिरते आणि गाडी उलटी धावू लागते. छताला लोंबणारे चुन्याचे खांब पाणी सुकून होतात, असं बहुतेकांना वाटतं. पण खोल गुंफेतली हवा इतकी दमट असते की तिथे सुकणार काय? थेंब छतातून बाहेर येतो तेव्हा गुंफेच्या हवेत मातीपेक्षा कार्बन डायऑक्साइड कमी असतो. वायू थेंबातून निसटतो आणि चुना पेलवेनासा होऊन बाहेर पडतो. बोरिंगच्या पाण्याने गीझरच्या रॉडवर जे पांढरं पूट चढतं ती हीच क्रिया, तिथे उष्णता वायूला हाकलते एवढाच फरक. जमिनीवरून वर वाढणाऱ्या अशा खांबाला स्वयंभू पिंड मानून पूजा होते, बोर्ऱ्यातही होते. हात जोडायला माझी हरकत नाही. मात्र "दरवर्षी तिळाएवढी वाढते" हे ऐकलं की हसू येतं, कारण तीळ फार झाला. सहसा वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग वाढला तरी पुष्कळ.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर या पुटातच आहे. पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे ताज्या चुन्यात युरेनियम अडकतं, थोरियम नसतं. नंतर युरेनियम-२३४ पासून थोरियम-२३० ठराविक वेगाने बनत राहतं. दोघांचं प्रमाण मोजलं की चुना कधी साचला ते कळतं, सुमारे पाच लाख वर्षं मागेपर्यंत. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर लेआंग कारामपुआंग या चुनखडीच्या गुंफेत डुकराच्या चित्रावर अशी चुन्याची साय धरली होती. तिच्या वयावरून २०२४ मध्ये चित्राचं वय ठरलं. साय ५१,२०० वर्षांची, म्हणून चित्र किमान तेवढं जुनं.

चुनखडी हाडंही राखते, कारण तिथली माती सहसा आम्लधर्मी नसते. आंध्रात कर्नूलजवळच्या बिल्लासुर्गम गुंफांत भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८८०च्या दशकात प्राण्यांची ढीगभर हाडं सापडली. वालुकाश्मातल्या भीमबेटकाला मात्र पुरातत्त्वज्ञ वि. ना. मिश्र यांच्या उत्खननात दगडी हत्यारांचे थरच्या थर मिळाले आणि ती हत्यारं खरोखर फार पुरातन आहेत. रीलवाले हत्यारांचं वय उचलून चित्रांना चिकटवतात. बहुतेक चित्रं मात्र मध्याश्मयुगापासून पुढची, म्हणजे फार तर दहाएक हजार वर्षांच्या अलीकडची मानली जातात. रंग मुख्यतः गेरूसारख्या खनिजांचा, त्यात मोजण्याजोगा कार्बन नाही, म्हणून कार्बनवरून वय काढणारी रेडिओकार्बन पद्धतही चालत नाही. आणि वालुकाश्मावर मोजण्याजोगी चुन्याची साय सहसा धरत नाही.

१९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ हरिभाऊ वाकणकर भीमबेटकाला पोचल्यापासून अभ्यासकांचा भर दुसऱ्या पद्धतीवर राहिला आहे: कोणतं चित्र कोणावर काढलंय ते पाहायचं. हत्ती-हरणांची गर्दी असलेल्या 'झू रॉक'वर ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. खालच्या प्राण्यांच्या अंगावरून नंतरच्या घोडेस्वारांच्या रेषा गेल्या आहेत. आधी कोण आणि मागाहून कोण, ते तिथे उभं राहून सांगता येतं. किती वर्षांपूर्वी, ते मात्र नाही.