झिजण्यासाठीच घातलेला धातू

ऑस्टिन सेव्हन ही गाडी कारखान्यात नव्हे, मालकाच्या राहत्या घरात जन्माला आली. पहिल्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजचा ऑस्टिनचा कारखाना आर्थिक अडचणीत होता आणि एवढीशी गाडी काढायला संचालक राजी नव्हते. मग हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅनली एज नावाच्या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला लिकी ग्रेंज या आपल्या बंगल्यावर बोलावलं आणि तिथल्या बिलियर्डच्या खोलीत बसून दोघांनी आराखडे काढले. 1922 मध्ये गाडी लोकांसमोर आली. चार सिलिंडरचं इंजिन लवकरच 747 सीसीचं झालं, ताकद जेमतेम दहा अश्वशक्ती. 1939 पर्यंत अशा सुमारे 2 लाख 90 हजार गाड्या तयार झाल्या. आज ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजमध्ये ही गाडी उघडून बसलेले हौशी लोक ठिकठिकाणी आहेत. सुटे भाग मिळतात आणि इंजिन इतकं छोटं आहे की दोन माणसं ते उचलून टेबलावर ठेवू शकतात.

दुसऱ्या महायुद्धाआधीची गाडी दुरुस्त करताना आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. त्या काळी वंगण आजच्याइतकं चांगलं नव्हतं, तेल गाळायची सोय जवळजवळ नव्हतीच आणि रस्ते धुळीचे. काहीतरी झिजणार हे ठरलेलंच होतं. म्हणून काय झिजावं हेही आराखडा काढणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असे. महागडा भाग कडक, त्याच्याशी घासणारा स्वस्त भाग मऊ. घरी काम करणाऱ्यानं हा हिशोब ओळखला नाही, तर मजबूत माल घालण्याच्या नादात तो नेमका जपायचा भाग गमावतो.

सुरुवात मात्र गंजापासून. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. नट-बोल्टच्या आट्यांमध्ये तो फुगून बसतो आणि पाना लावून कितीही जोर केला तरी बोल्ट हलत नाही. हलला तर तुटूनच हातात येतो. सेव्हनमध्ये बीडाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा ठोकळा, ॲल्युमिनियमच्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीवर, पोलादी स्टडनी (डोकं नसलेल्या, आटीत रुतवलेल्या बोल्टनी) बसवलेला असतो. इथे पदार्थविज्ञान आपल्या बाजूनं उभं राहतं. तेवढ्याच तापमानवाढीत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून स्टडला आच न देता त्याच्या आजूबाजूचं ॲल्युमिनियम सावकाश गरम करायचं. भोक स्टडपेक्षा जास्त मोठं होतं, पकड सैल होते. मधून मधून पातळ तेल सोडायचं आणि थांबायचं. या कामात घाई केलेली मला अजिबात पटत नाही, कारण तुटलेला स्टड ड्रिलनं काढताना क्रँककेसची आटी जाते आणि मग एका बोल्टचं काम आठवडाभराचं होऊन बसतं.

सुटलेल्या गंजक्या भागांसाठी वीज वापरता येते. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन लिटरमागे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवायचा. गंजलेला भाग तारेनं टांगून बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा, भंगार लोखंडाची पट्टी धन टोकाला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. चार्जर सुरू केला की भागाच्या अंगावरून बारीक बुडबुडे उठायला लागतात आणि पाणी हळूहळू चहासारखं तांबूस होतं. काही तासांनी भाग बाहेर काढला तर तांबडा गंज गेलेला असतो, त्या जागी काळा थर उरतो आणि तारेच्या ब्रशनं तो सहज निघतो. गेलेलं लोखंड परत येत नाही, पण चांगलं लोखंड खरवडलं जात नाही. सँडब्लास्टिंगपेक्षा ही पद्धत मला म्हणूनच जवळची वाटते.

तिचे नियम मात्र कडक आहेत. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा काम उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर. सोड्याऐवजी मीठ घातलं तर क्लोरीन वायू सुटतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची लावली तर पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगं उतरतात. स्प्रिंगा बादलीत टाकू नयेत. हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. ॲल्युमिनियम तर चुकूनही नाही, कारण सोड्याचं पाणी त्यालाच खातं. आणि भाग बाहेर काढल्यावर लगेच कोरडा करून प्रायमर मारावा लागतो, नाहीतर बघता बघता त्यावर पुन्हा तांबूस झाक येते.

आता इंजिनचं पोट. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याला, पिस्टनकडून येणारा कनेक्टिंग रॉड जिथे धरतो, तिथे रॉडच्या आत बेअरिंग म्हणून एक पांढुरका, मऊ थर ओतलेला असतो. याला व्हाइट मेटल म्हणतात. आयझॅक बॅबिट या अमेरिकी कारागिराच्या 1839 मधल्या पेटंटमुळे बॅबिट हेही नाव पडलं. त्यात 85 ते 90 टक्के कथील, बाकी अँटिमनी आणि तांबं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मऊ कथलाच्या पसाऱ्यात कथील-अँटिमनीचे कडक घनाकार कण आणि कथील-तांब्याच्या सुया विखुरलेल्या दिसतात. भार त्या कडक कणांवर तोलला जातो. भोवतीचं मऊ कथील शाफ्टच्या आकाराशी जुळवून घेतं आणि तेलातून आलेला कचऱ्याचा कण पोटात घेतं. तो कण बेअरिंगमध्ये रुतून बसला म्हणजे शाफ्टवर चरा पडत नाही. तेल क्षणभर तुटलं तर कथील आधी वितळतं, शाफ्ट वाचतो. क्रँकशाफ्टच्या मानानं कथलाची किंमत काहीच नाही.

सेव्हनच्या सुरुवातीच्या इंजिनांत तेल दाबानं बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही. क्रँककेसमधल्या बारीक भोकांतून तेलाची धार उडते, फिरत्या शाफ्टच्या खाचेत पडते आणि केंद्रोत्सारी बलानं रॉडच्या बेअरिंगकडे ढकलली जाते. तेलाचा दाब आजच्या गाड्यांच्या मानानं नगण्य असतो. अशा तुटपुंज्या वंगणावर ही इंजिनं वर्षानुवर्षं चालली ती या मऊ धातूच्या जिवावर. इंजिन उघडल्यावर ही दोन भोकं तारेनं साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

थर झिजला की जुना वितळवून काढतात आणि नवा ओततात. ओतण्याआधी रॉडच्या आतल्या बाजूला कथलाचा पातळ हात द्यावा लागतो. म्हणजे चक्क कल्हई, आणि त्यासाठी लागणारा नवसागरही तोच. पितळी पातेल्याला कल्हई धरते त्याच कारणानं इथे व्हाइट मेटल पोलादाला धरतो: नवसागर पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर काढतो आणि उघड्या धातूशी कथील जोडलं जातं. हा मिश्रधातू 240 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळायला लागतो, ओततात तो बराच जास्त तापवून. साच्यात पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू अंगावर उडतो. म्हणून ओतण्याचं काम जाणकाराकडे द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे काम द्यायचं त्याला रॉड आणि शाफ्ट दोन्ही द्यायचे.

घरी करायचं काम त्यानंतरचं. शाफ्टवर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर द्यायचा, रॉड बसवून फिरवायचा आणि उघडून बघायचं. जिथे धातू उंच राहिला आहे तिथेच निळा ठिपका उमटतो. तेवढाच भाग स्क्रेपरनं खरवडायचा, पुसायचा, पुन्हा निळा. आधी दोन-तीन ठिपके दिसतात, मग ते वाढत जातात आणि शेवटी जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर सारखी नक्षी उमटते. तेलासाठी शाफ्टच्या दर इंच व्यासामागे साधारण एक थाऊ, म्हणजे एक हजारांश इंच, जागा ठेवतात. फिटर लोकांच्या बोटांना हा फरक कळतो. नवशिक्यानंही चार रॉड बसवले की त्यालाही कळायला लागतो.

पाण्याचा पंप या गाडीत नाही. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड पाणी खाली उतरतं, एवढ्यावर अभिसरण चालतं. हा जोर अगदी कमी असल्यामुळे ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यात साठलेला गंजाचा गाळ काढलाच पाहिजे, आणि रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी नको.

पेट्रोलची गोष्ट वेगळी. या इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, पाचाच्या आसपास आहे, त्यामुळे आजच्या जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलचा त्याला काहीच उपयोग नाही. अडचण इथेनॉलची आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडे पंपावर 20 टक्क्यांचं मिळतं. जुन्या गाड्यांत पेट्रोलच्या कॉकमधलं सील, आणि कित्येक गाड्यांत कार्बोरेटरमधला तरंगणारा फ्लोटही, बुचाचा असे, वर लाखेचा लेप. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये का करतात ते आठवा. लेप गेला की बूच पेट्रोल पितो, जड होतो आणि कार्बोरेटर वाहायला लागतो. शिवाय इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण 13.5. जुना जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तसाच ठेवला तर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि इंजिन तापतं. म्हणून बुचाऐवजी इथेनॉल सोसणारा माल आणि थोडा मोठा जेट. हा बदल करण्यात जुन्याशी बेइमानी नाही. इंधनच बदललं आहे.

तेलाच्या बाबतीतही असंच. गिअरबॉक्समध्ये आजचं जीएल-5 प्रतीचं तेल सरसकट घालू नये, त्यातली गंधकाची संयुगं ब्राँझच्या बुशांना खाऊ शकतात. आणि ब्रेकचे जुने लाइनर घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ओले करून, मास्क लावून काढायचे.

विजेचा भाग सहा व्होल्टचा. तेवढ्याच वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून त्याच तारेत चौपट वीज वाया जाते. दिव्यापाशी व्होल्टेज 10 टक्के जरी कमी पोहोचलं तरी उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीचे दिवे मिणमिणते म्हणून बदनाम झाले त्यामागे बऱ्याचदा गंजलेलं अर्थिंग असतं. बॉडीवरचा जोड घासून चकचकीत करा, मग ठरवा.

इंजिन बांधून सुरू झालं की पहिलं तेल लवकर बदलायचं, काही शे मैलांतच. काढलेलं तेल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात बघायचं. करडी, पिठासारखी झाक असली तर रिंगा आणि बेअरिंग बसत आहेत. डोळ्यांना दिसणारे कण असले तर चुंबक फिरवायचा. चिकटले ते लोखंडाचे, गिअर किंवा रिंगांकडून आलेले. न चिकटलेल्या चंदेरी कणांवर, तेल पुसून, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा, हातमोजे आणि चष्मा घालून. लगेच बुडबुडे आले तर ॲल्युमिनियम आहे, पिस्टन बघायचे. कण तसेच निवांत पडून राहिले तर बहुधा व्हाइट मेटल सुटतो आहे. मग गाडी एक मैलही न चालवता ऑइल चेंबर पुन्हा खाली उतरवायचं.