गॅमा किरण स्फोट : अवकाश दुर्बिणींनी घेतलेला वेध व पाठपुरावा

दूरच्या दीर्घिकांमधून येणारे आणि काही मिलिसेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकणारे गॅमा किरणांचे तीव्र झोत. पृथ्वीचे वातावरण गॅमा किरण शोषून घेत असल्याने त्यांची पहिली नोंद उपग्रहावरील उपकरणांतच होते. स्फोट केव्हा व आकाशाच्या कोणत्या भागात होईल हे आधी सांगता येत नाही, आणि एकदा झालेला स्फोट त्या जागी पुन्हा होत नाही. त्यामुळे या शाखेची प्रगती मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून राहिली : स्फोटाचे स्थान किती अचूक व किती लवकर कळते. या नोंदीत त्या अंगावर भर दिला असून इंदूर येथील संस्थांचा व तेथील आकाशाचा संबंध जेथे येतो तेथे तो नोंदवला आहे.

शोध व त्याची तारीख : १९६३ च्या अणुचाचणीबंदी करारानंतर चाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेने व्हेला मालिकेतील उपग्रह जोडीजोडीने, एक लाख किलोमीटरहून अधिक उंचीवर सोडले. त्यांच्या उपकरणांनी २ जुलै १९६७ रोजी एक स्फोट टिपला. शोधाची तारीख म्हणून बहुतेक ग्रंथ हीच देतात. मात्र ती नोंद लॉस अ‍ॅलामॉस येथील रे क्लेबेसाडेल व रॉय ओल्सन यांच्या लक्षात आली ती १९६९ मध्ये, जुनी माहिती चाळताना. क्लेबेसाडेल, इयन स्ट्राँग व ओल्सन यांचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात जुलै १९६९ ते जुलै १९७२ या काळातील १६ स्फोट दिले आहेत. १९६७ चा स्फोट त्या सोळांत मोडत नाही. शोध म्हणजे उपकरणाने टिपणे की माणसाने ओळखणे, यावर ही तारीख ठरते. स्फोट सूर्य व पृथ्वी यांच्या दिशेने आलेले नाहीत हे निबंधात दाखवले होते, हे पाहता १९७३ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. ही माहिती लष्करी गुप्ततेमुळे दडवून ठेवली गेली असे लोकप्रिय लेखनात वारंवार येते. विलंबाचे तेवढे एकच कारण मानणे कठीण आहे.

अंतराचा वाद : पुढची सुमारे पंचवीस वर्षे स्फोट आपल्या आकाशगंगेतील की बाहेरचे, हे ठरत नव्हते. ५ मार्च १९७९ च्या प्रखर स्फोटाने गोंधळ वाढवला. अनेक यानांनी मिळून त्याचे स्थान मोठ्या मॅगेलनी मेघातील एका अतिनवताऱ्याच्या (स्फोट पावलेल्या ताऱ्याच्या) अवशेषापाशी नेले, आणि सगळेच स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांचे, म्हणजे अशा स्फोटामागे उरणाऱ्या अतिघन गाभ्यांचे, असावेत हे मत बळावले. तो स्फोट वेगळ्या जातीचा, म्हणजे अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्र असलेल्या, आज ज्याला मॅग्नेटार म्हणतात त्या न्यूट्रॉन ताऱ्याचा होता. एप्रिल १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरील बॅट्से उपकरणाने नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदवले. ते आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले होते, आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची दाटी नव्हती. तरीही २२ एप्रिल १९९५ रोजी वॉशिंग्टन येथे झालेल्या जाहीर वादात बोहदान पाचिन्स्की यांनी दूरच्या दीर्घिकांची बाजू घेतली, तर डोनाल्ड लॅम्ब यांनी आकाशगंगेभोवतीच्या विस्तृत प्रभामंडलाची. अध्यक्षस्थानी मार्टिन रीस होते. निकाल लागला नाही, कारण बॅट्सेच्या स्थानांत कित्येक अंशांची चूक होती आणि तेवढ्या क्षेत्रात हजारो दीर्घिका सहज मावतात.

इटली व नेदरलँड्स यांच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने (३० एप्रिल १९९६) कोंडी फोडली. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर काही तासांतच त्याने आपली क्ष-किरण दुर्बीण त्या दिशेला वळवली आणि मंदावत जाणारा स्रोत पाहिला. त्याच रात्रीच्या छायाचित्रांत ला पाल्माच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीला दृश्य प्रकाशातील स्रोतही सापडला. मागे उरणाऱ्या या झळाळीला आफ्टरग्लो म्हणतात. त्याच वर्षी ८ मेच्या स्फोटाच्या आफ्टरग्लोत केक दुर्बिणीने ०.८३५ ही ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचे माप; अंतर जास्त तितके ते मोठे) मोजली. स्रोत किमान इतका दूर आहे हे त्यातून निश्चित झाले आणि प्रभामंडलाचा पक्ष मागे पडला.

स्थाननिश्चितीच्या पद्धती : गॅमा किरण भिंगाने किंवा साध्या आरशाने एकवटता येत नाहीत. त्यामुळे तीन वेगळे मार्ग रूढ झाले. पहिला कालांतराचा. एकाच स्फोटाची चाहूल दोन यानांना किती फरकाने लागली यावरून स्रोत आकाशातील एका वर्तुळावर असला पाहिजे असे ठरते. प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे ३०० किलोमीटर जातो, म्हणून याने जितकी दूर आणि त्यांची घड्याळे जितकी अचूक, तितका वर्तुळाचा कडा बारीक. तिसऱ्या यानाने दोन बिंदू उरतात, चौथ्याने एक. अचूकता उत्तम, पण आंतरग्रहीय यानांची माहिती पृथ्वीवर पोचेपर्यंत तास-दिवस जातात.

दुसरा मार्ग वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या शोधकांतील तीव्रतेची तुलना करण्याचा. जून २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी उपग्रहावरील स्फोटदर्शक उपकरणात सोडियम आयोडाइडचे १२ व बिस्मथ जर्मेनेटचे २ शोधक आहेत. पृथ्वीने न झाकलेले सगळे आकाश त्यांना दिसते, मात्र स्थान काही अंशांपुरतेच कळते.

तिसरा मार्ग कोडेड मास्कचा. उन्हात जुन्या वाड्याच्या खिडकीच्या जाळीची सावली जमिनीवर सरकते आणि तिच्यावरून सूर्य कोठे आहे ते सांगता येते. तसे शिशाच्या तुकड्यांच्या जाळीची सावली शोधकावर कोठे पडली यावरून स्रोताची दिशा काढतात. जाळीची नक्षी मुद्दाम अनियमित ठेवलेली असते, नाहीतर एका सावलीला अनेक दिशा जुळतील. २० नोव्हेंबर २००४ रोजी सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहावर अशा सुमारे ५४,००० तुकड्यांखाली कॅडमियम झिंक टेलुराइडचे ३२,७६८ शोधक आहेत. आकाशाचा सुमारे एक दशमांश भाग ते एका वेळी पाहतात आणि काही कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्थान सांगतात. स्थान ठरताच उपग्रह आपणहून, जमिनीवरील आज्ञेची वाट न पाहता, एक-दोन मिनिटांत त्या दिशेला वळतो. मग त्याची क्ष-किरण दुर्बीण स्थान काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आणते आणि ३० सेंटिमीटरची अतिनील-दृश्य दुर्बीण आणखी पुढे नेते. नील गेरेल्स यांच्या निधनानंतर, २०१८ मध्ये, उपग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले.

पाठपुरावा : उपग्रहाचा इशारा जीसीएन या नासाच्या सूचनाजाळ्यातून काही सेकंदांत सर्वांना खुला होतो. निरीक्षकांची त्रोटक परिपत्रकेही तेथेच फिरतात. स्फोटाला तारखेवरून नाव मिळते, उदाहरणार्थ जीआरबी ०९०४२३ म्हणजे २३ एप्रिल २००९. याच स्फोटाची ताम्रसृती ८.२ भरली, म्हणजे विश्वाचे वय एक अब्ज वर्षांहूनही कमी असतानाचा तो प्रकाश. १९ मार्च २००८ चा स्फोट क्षणभर ५.३ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप) उजळला, म्हणजे अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका. इंदुरात तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते. भारतात दृश्य प्रकाशातील पाठपुरावा नैनिताल, देवस्थळ व हानले येथून, तर रेडिओ लहरींतील नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून होतो. रेडिओ आफ्टरग्लो महिनोन्महिने टिकतो. २९ मार्च २००३ च्या स्फोटाचा जीएमआरटीने दीर्घकाळ मागोवा घेतला.

दोन प्रकार : २ सेकंदांहून लांब ते दीर्घ, कमी ते लघू, ही विभागणी १९९३ मध्ये बॅट्सेच्या आकडेवारीवरून रूढ झाली. दीर्घ स्फोट महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळल्याने, लघू दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाने होतात असे पाठ्यपुस्तकांत असते. ही रेघ निसर्गातील मानणे बरोबर नाही. उपकरणाचा ऊर्जापट्टा बदलला की त्याच स्फोटाचा मोजलेला काळही बदलतो. ११ डिसेंबर २०२१ आणि ७ मार्च २०२३ चे स्फोट दीर्घ असूनही त्यांच्या मागे मीलनाची खूण असलेली किलोनोव्हा (मीलनातून उसळलेल्या द्रव्याची झळाळी) दिसली. दुसऱ्याच्या वर्णपटात वेब दुर्बिणीला टेलुरियमची खूण आढळल्याचे प्रसिद्ध झाले आहे. उलट २६ ऑगस्ट २०२० चा सेकंदभराचा स्फोट कोसळणाऱ्या ताऱ्याचा ठरला. उगमावरून वर्गीकरण करण्याचा अलीकडचा पक्ष या नोंदीस अधिक सयुक्तिक वाटतो, पाठपुराव्याविना ते शक्य नसले तरी.

ध्रुवणाचा प्रश्न : आफ्टरग्लो हे सिंक्रोट्रॉन प्रारण आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा प्रकाश, याबद्दल फारसे दुमत नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर्तुळाकार यंत्रातून हेच प्रारण मिळवले जाते. तेथे चुंबके शिस्तीत मांडलेली असल्याने कक्षेच्या प्रतलातील किरण रेषीय ध्रुवित असतात, म्हणजे त्यांची कंपने एकाच दिशेत होतात. स्फोटाच्या मूळ झोताचेही तसेच असेल तर त्याचे ध्रुवण बरेच असायला हवे, चुंबकीय क्षेत्र विस्कळीत असेल तर कमी. २००३ मध्ये रेसी उपग्रहाच्या माहितीवरून ६ डिसेंबर २००२ च्या स्फोटाचे ध्रुवण सुमारे ८० टक्के असल्याचा दावा झाला. त्याच माहितीच्या फेरतपासणीत इतरांना तो आढळला नाही.

या वादात भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटचा (२८ सप्टेंबर २०१५) वाटा मोठा आहे. त्यावरील सीझेडटीआय या कॅडमियम झिंक टेलुराइडच्या उपकरणात ६४ शोधक असून प्रत्येकात २५६ चौकटी आहेत. १०० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर उपकरणाच्या बाजूच्या भिंती पारदर्शक होतात. रचनेतील ही उणीव स्फोटांसाठी सोयीची ठरली, कारण मग सर्व बाजूंचे स्फोट दिसतात. गॅमा किरण एका चौकटीत आदळून शेजारच्या चौकटीत विखुरला तर विखुरण्याच्या दिशांवरून ध्रुवण काढता येते. चालू झाल्याच्या दिवशीच, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्याने पहिला स्फोट टिपला. अकरा तेजस्वी स्फोटांवरील आरंभीच्या निबंधात बहुसंख्यांचे ध्रुवण मोठे आढळले होते. त्याच सुमारास चीनच्या तिआनगाँग-२ वरील पोलार उपकरणाने पाच स्फोटांचे ध्रुवण अल्प असल्याचे सांगितले. सीझेडटीआय गटाच्या वीस स्फोटांवरील नंतरच्या विश्लेषणात संपूर्ण स्फोटाचे सरासरी ध्रुवण बहुतेकांत कमी व थोड्यांत जास्त भरले. स्फोट चालू असताना ध्रुवणाची दिशा बदलत असेल तर सरासरीत ते पुसले जाते, हे स्पष्टीकरण सध्या अधिक स्वीकारार्ह दिसते. मात्र ते तपासण्याइतके गॅमा किरण फार थोड्या स्फोटांतून मिळतात.

९ ऑक्टोबर २०२२ : आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी स्फोट. एवढा तेजस्वी स्फोट सुमारे दहा हजार वर्षांतून एकदा अपेक्षित आहे, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. फर्मीला तो भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी जाणवला. इंदुरात सूर्य मावळून सुमारे चाळीस मिनिटे झाली होती आणि शर तारकासमूहातील ती जागा, अभिजित व श्रवण यांच्या मधली, खस्वस्तिकापासून (डोक्यावरच्या बिंदूपासून) जेमतेम पाच अंशांवर होती. त्या दिवशी कोजागरी होती. शहरातल्या मराठी घरांच्या गच्च्यांवर दूध आटत असताना झोत अक्षरशः डोक्यावरून आला, असे भूमितीवरून म्हणता येते. दिसण्यासारखे मात्र काही नव्हते. फर्मीचे शोधक त्या माऱ्याने भरून गेले. स्विफ्टला स्रोत जाणवला तो पाऊण तासाहून अधिक उशिरा, आणि जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असल्याने आरंभी तो आकाशगंगेतीलच काहीतरी असावा असे कळवण्यात आले. ताम्रसृती ०.१५१ निघाल्यावर शंका मिटली. भारतातील वीजदर्शक यंत्रांनाही त्याचा परिणाम जाणवला, असे युरोपीय अवकाश संस्थेने म्हटले आहे. गॅमा किरणांमुळे वातावरणात उमटणारी मंद चमक जमिनीवरून टिपणाऱ्या नामिबियातील हेस दुर्बिणींना पौर्णिमेच्या चांदण्यामुळे दोन दिवस थांबावे लागले. अशा किरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे कण मोजणाऱ्या चीनमधील लासो वेधशाळेला चांदण्याची अडचण नसल्याने अत्युच्च ऊर्जेचे सर्वाधिक किरण तिच्या वाट्याला आले.

गुरुत्वीय तरंग व इंदूर : १७ ऑगस्ट २०१७ रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचे तरंग लायगो-व्हर्गो या अमेरिका व युरोपमधील तरंगशोधकांना मिळाले आणि १.७ सेकंदांनी फर्मीला लघू स्फोट दिसला. तीन तरंगशोधकांमुळे जागा सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत आकसली, आणि अकरा तासांच्या आत चिलीतील दुर्बिणीने एनजीसी ४९९३ दीर्घिकेतील स्रोत शोधला. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या दृष्टीने तो भाग तेव्हा पृथ्वीआड होता. न दिसणे हीदेखील स्थानाची माहिती असते. शोधक्षेत्र आवळताना तिचा उपयोग झाला. हिंगोली जिल्ह्यात उभारायच्या लायगो-इंडियाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याच्या चार प्रमुख संस्थांत इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आहे; इतर तीन पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा. सिमरोल येथील आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्र, खगोलभौतिकी व अवकाश अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. अमेरिका व युरोपपासून दूर असा आणखी एक शोधक मिळाल्यास तरंगांच्या वेळांतील फरकावरून काढलेले क्षेत्र आणखी लहान होईल, आणि गॅमा उपग्रहाने दिलेले ढोबळ स्थान त्याच्याशी ताडून पाहता येईल.