नॉर्मल रेंजमागची १२० माणसं

रक्ताचा रिपोर्ट हाती आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. शेजारच्या 'नॉर्मल रेंज'च्या बाहेर तो गेला की घरात काळजी सुरू. पण त्या रेंजची व्याख्याच अशी आहे की निरोगी माणसांपैकीही पाच टक्के तिच्या बाहेर पडतात, अडीच खालून आणि अडीच वरून. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचे सगळे आकडे रेंजमध्ये असण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे जेमतेम ३६ टक्के. 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिराती चाचण्यांची संख्या ठळक छापतात. हे गणित छापत नाहीत.

रेंज काढायची रीत सोपी आहे. निरोगी माणसं निवडायची, त्यांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमानं लावायचे आणि दोन्ही टोकांची अडीच-अडीच टक्के छाटायची. माणसं किती घ्यायची? अमेरिकेतल्या क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूटची मार्गदर्शिका सांगते, प्रत्येक गटात किमान १२०. शंभर का नाही?

खालची सीमा कितव्या क्रमांकावर येते ते काढायला एकूण संख्येत एक मिळवून ०.०२५ ने गुणतात. ३९ माणसं असली तर उत्तर येतं १, म्हणजे सगळ्यांत लहान आकडा हीच सीमा. त्या एका माणसाला नकळत थोडा अ‍ॅनिमिया असला, तर साऱ्या गावाची रेंज तोच ठरवणार! १२० माणसांत उत्तर येतं ३.०२५, म्हणून तिसरा आकडा.

पण दुसरी १२० माणसं घेतली असती तर तिसरा आकडा वेगळा आला असता. तेव्हा सगळ्या निरोगी माणसांची खरी सीमा कुठून कुठपर्यंत असू शकते, तेही सांगावं लागतं, आणि दोन्ही बाजूंना चुकीची शक्यता पाच टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नसते. कोणाही एकाचा आकडा खऱ्या सीमेच्या खाली असण्याची शक्यता अडीच टक्के. १२० पैकी एकही तिच्या खाली नसला, तरच आपला सगळ्यांत लहान आकडा सीमेच्या वर राहतो. याची शक्यता ०.९७५ चा १२० वा घात, ४.८ टक्के. ११८ माणसांत हीच शक्यता ५ च्या किंचित वर जाते, ११९ मध्ये खाली येते. १२० हा त्यालाच लागून असलेला सोयीचा आकडा.

म्हणून हा पहिला आकडा खऱ्या सीमेच्या शक्य जागेचं खालचं टोक. वरच्या टोकाला सातवा आकडा घेतात. तो खऱ्या सीमेच्या खाली जायला, जिथं सरासरी तीनच जण अपेक्षित तिथं किमान सात जण यायला हवेत, आणि त्याची शक्यता ३.२ टक्के. सहावा घेतला तर ती ८ च्या वर जाते. म्हणून पहिला ते सातवा. एकूण खात्री ९२ टक्के, नियमाची अट ९० ची. यात आकडे घंटेच्या आकारात, म्हणजे मधोमध दाट आणि दोन्हीकडे सारखे विरळ, पसरलेले असावेत अशी अटच नाही, त्यामुळे ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीसारख्या एकीकडे झुकलेल्या मोजमापालाही ही रीत चालते.

समजा, १२० स्त्रियांच्या हिमोग्लोबिनमध्ये पहिला आकडा १०.९ आला, तिसरा ११.५, सातवा ११.९. रिपोर्टवर ११.५ छापतात. खरी सीमा मात्र १०.९ ते ११.९ मध्ये कुठेही असू शकते. ११.४ आला म्हणून घाबरलेल्या बाईला हे कोणी सांगत नाही.

१२० हे दर गटामागे. स्त्री-पुरुष आणि वयाचे तीन टप्पे धरले तर सहा गट, ७२० माणसं. तपासणीनंतर वीस टक्के बाद होतील असं धरलं तर सुरुवातीला ९०० बोलवावी लागतात. बाद होण्याची कारणं बरीच: नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं, दंडाचा पट्टा मिनिटाहून जास्त आवळला किंवा झोपलेल्याला उठवून बसवलं की प्रथिनं वाढलेली दिसतात. टोकाचा आकडा आणि त्याच्या शेजारचा यांतलं अंतर एकूण पसाऱ्याच्या (सगळ्यांत मोठा वजा सगळ्यांत लहान आकडा) एक तृतीयांशाहून मोठं असेल तर तो आकडा काढतात. आणि लॅबमधलेच तरुण कर्मचारी गोळा करून भरती केली, तर हजार माणसांनीही चूक सुधारत नाही. चुकीचं उत्तर जास्त ठामपणे मिळतं, एवढंच.

छोट्या लॅबला हे झेपत नाही. ती किटच्या कागदावरची रेंज घेते आणि २० निरोगी माणसांवर पडताळते. दोनपर्यंत बाहेर गेले तर रेंज मान्य, तीन किंवा जास्त गेले तर नवे २० घ्यायचे. चांगली रेंजही पहिल्या फेरीत ७.५ टक्के वेळा नापास होते. पण खरी अडचण उलटी आहे. तुमच्या भागात त्या रेंजबाहेर पाचऐवजी दहा टक्के निरोगी माणसं पडत असतील, तरी ही पडताळणी ६८ टक्के वेळा पहिल्याच फेरीत पास होते.