अंड्याच्या कवचातून धूर आत जातो का?

टेक्सासात घरामागच्या अंगणातल्या स्मोकरमध्ये, म्हणजे धुरात शिजवायच्या भट्टीत, ब्रिस्केट, म्हणजे गोमांसाचा छातीकडचा मोठा तुकडा, दहा-बारा तास शिजत असतो. आग एका कप्प्यात, मांस दुसऱ्यात. मधून वाहते ती फक्त गरम हवा आणि धूर. तापमान २२५ फॅरनहाइट, आपल्या हिशेबात १०७ अंश सेल्सिअस. एवढं लाकूड जळतंच आहे तर जाळीवरची जागा रिकामी कशाला, म्हणून तिथे कच्ची अंडी मांडली जातात. कवचासकट.

दीड-दोन तासांनी कवच चहाचे डाग पडल्यासारखं तपकिरी होतं. सोलल्यावर आतला पांढरा भागही किंचित बदामी दिसतो, वर गडद ठिपके. बघणारा लगेच म्हणतो, धूर आतपर्यंत मुरलाय! खाताना मात्र त्या धुराचा वास शोधावा लागतो.

आधी वेळेचं पाहू. उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटांत होणारं अंडं त्याहून गरम हवेत इतके तास का खातं? कारण हवा उष्णता पोचवण्यात फार आळशी. तापलेल्या ओव्हनमध्ये हात क्षणभर घालता येतो. कुकरच्या शिट्टीवर धरता येईल का? (धरून बघू नका.) रायगडकडची पोपटी आठवा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, त्यांच्यातच अंडी. मडकं उपडं घालून भोवती पेंढ्या-काटक्यांचा जाळ. अर्ध्या-पाऊण तासात सगळं तयार. जाळ मोठा असतो हे खरंच, पण पाल्यातून आणि शेंगांतून सुटलेली वाफही कामाला लागते. ती थंड कवचावर बसून पाणी होते आणि होताना स्वतःतली उष्णता सोडून देते. एक ग्रॅम वाफ इतकी उष्णता देते की तेवढ्यात पाच ग्रॅमहून जास्त पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापेल. स्मोकरमधल्या हवेला हे जमत नाही.

अंडं घट्ट होतं ते त्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडून एकमेकांत गुंतल्यामुळे. पांढऱ्यातलं ओव्होट्रान्सफेरिन ६१-६२ अंशांपासूनच गोठू लागतं, बलक ६५ ते ७० च्या दरम्यान घट्ट होतो, आणि पांढऱ्यातल्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त असलेलं ओव्हाल्ब्युमिन ८० अंशांपर्यंत दाद देत नाही. दोन तास १०७ अंशांत राहिलेलं अंडं हे सगळे टप्पे ओलांडून पुढे गेलेलं असतं. म्हणून ते रबरासारखं लागतं.

आता धुराकडे. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. पिल्लू त्यांतूनच श्वास घेतं. त्यावरचा नैसर्गिक लेप ही छिद्रं बरीचशी बुजवतो, पण अमेरिकेत अंडी विकण्याआधी धुतात, त्यात हा लेप निघून जातो. म्हणजे वाट थोडी मोकळीच. तरी आत दोन पापुद्रे असतात, आणि मुख्य म्हणजे अंडं तापताना आतली हवा आणि वाफ बाहेर रेटत असते. प्रवाह उलटा आहे! धुरातले डांबरट कण कवचावरच बसतात.

मग आतला बदामी रंग कुठला? अंडी नुसत्या ओव्हनमध्ये, धुराशिवाय भाजली तरी अगदी तसेच ठिपके पडतात. ज्यू घरांत शब्बाथसाठी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, रात्रभर मंद आचेवर ठेवलेली हामिन अंडी आतून तपकिरी होतात. पांढऱ्यात थोडं ग्लुकोज असतं. ते आणि प्रथिनं यांच्यात मायार अभिक्रिया होते, भाकरीला खरपूस रंग देणारी तीच. एरवी तिला याहून बरीच जास्त आच लागते, पण अंडं शिळं होताना त्यातला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निसटतो आणि पांढरा भाग अल्कधर्मी होत जातो. त्याचा सामू ९ च्या वर जातो. अशा वातावरणात ही अभिक्रिया कमी तापमानातही, सावकाश का होईना, चालते. रंगाचं श्रेय धुराला देणं म्हणजे दुसऱ्याच्या कष्टावर सत्कार घेणं.

चव हवी असेल तर अंडी आधी उकडा, सोला आणि मग पाऊण तास धुरात ठेवा. (उकडायला जरा जुनी अंडी घ्या, ताज्यांचा पांढरा भाग पापुद्र्याला चिकटून बसतो.) लाकडातलं लिग्निन तुटून ग्वायाकोल आणि सिरिंगॉल तयार होतात; धुराचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः यांचा. सेल्युलोजमधून कार्बोनिल संयुगं निघतात, ती प्रथिनांशी जुळून सोनेरी रंग देतात. ही वाफरूप द्रव्यं थंड, ओलसर पृष्ठभागावर चांगली बसतात, त्यामुळे फ्रिजमधून काढलेलं अंडं फायद्याचं. पण पाणी निथळत असेल तर डाग आणि ओघळ पडतात, तेव्हा आधी टिपून घ्यावं. ब्रिस्केटच्या कडेला येणारी गुलाबी रेघ इथे शोधू नका. ती धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाला चिकटून होते, आणि अंड्यात मायोग्लोबिन नसतं.

लाकूड सफरचंदाचं किंवा पिकान या अक्रोडाच्या जातीतल्या झाडाचं घ्यावं. मेस्कीट या काटेरी झाडाचा उग्र धूर अंड्याला झेपत नाही, असं माझं मत. आणि हवा कोंडून धुमसणाऱ्या आगीचा दाट पांढरा धूर दिसला तर अंडी आत ठेवूच नका, झडप उघडून तो पातळ, निळसर होईपर्यंत थांबा. नाहीतर चव विझलेल्या चुलीची येते, आणि मीठ-मिरपूड कितीही घातली तरी ती जात नाही.